वारणेच्या अलीकडले राज्य

गडमुडशिंगीहून करवीरची राजधानी कोल्हापूर तीनेक कोसांच्या अंतरावर आहे. आज तेथे जाण्यास अर्धा तासही लागत नाही, आणि राजधानी म्हणून तिच्याकडे पाहण्याची दृष्टीही आता कोणाला उरलेली नाही. परंतु पंचगंगेच्या दक्षिणेकडील या गावांचे पूर्वज ज्या छत्रपतींचे रयत होते, त्यांचे राज्य शेदीडशे वर्षे चारही बाजूंनी आपल्याहून बलाढ्य अशा सत्तांच्या गराड्यात उभे होते, आणि ते कसे उभे राहिले याची हकिकत जितकी सांगितली जावयास हवी होती तितकी सांगितली गेलेली नाही. याचे एक कारण असे की, अठराव्या शतकाचा मराठ्यांचा इतिहास आपण बहुधा पुण्याच्या गच्चीवरून पाहिला. तेथून पाहता कोल्हापूरकर म्हणजे भाऊबंदकीने पछाडलेली एक धाकटी पाती, जी आज निजामाशी, उद्या हैदराशी, परवा इंग्रजांशी संधान बांधून थोरल्या मसलतीत बिब्बा घालते, एवढेच दिसते. तीच घडामोड पन्हाळ्याच्या तटावरून पाहिली, तर पुण्यात जिला फितुरी म्हणत ती येथे परराष्ट्रकारण ठरते. दोन्ही दृष्टी पूर्णांशाने खऱ्या नाहीत. परंतु दुसरी आपल्याकडे फारच कमी लोकांनी लावून पाहिली आहे.

या राज्याचा जन्मच दुहीतून आणि निकडीतून झाला. 1689 मध्ये संभाजी महाराजांचा वध झाल्यावर राजाराम महाराज जिंजीस गेले, आणि 1700 च्या मार्च महिन्यात सिंहगडावर त्यांचे देहावसान झाल्यावर त्यांची राणी, हंबीरराव मोहित्यांची कन्या ताराबाई हिने आपल्या अल्पवयी पुत्रास, शिवाजीस, गादीवर बसवून औरंगजेबासारख्या बादशहाशी सात वर्षे झुंज दिली. 1707 मध्ये बादशहा अहमदनगरास मृत्यू पावला, आणि दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या त्याच्या पुत्राने, आझमशहाने, अठरा वर्षे मोगलांच्या छावणीत अडकून पडलेल्या शाहूंना वाटेतच मोकळे केले. ही मुक्तता दयेपोटी झाली नव्हती. घरात दोन धनी झाले म्हणजे घर आपोआप दुबळे होते, हा हिशेब त्यामागे होता आणि तो बिनचूक ठरला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात खेड येथे ताराबाईंच्या फौजेचा पराभव झाला, 1708 च्या जानेवारीत शाहूंनी साताऱ्यास राज्याभिषेक करवून घेतला, आणि ताराबाई पन्हाळ्याच्या आश्रयास गेल्या. तेथे 1710 च्या सुमारास जी निराळी राजधानी उभी राहिली, तीच करवीर राज्याची सुरुवात होय.

नव्या राज्याजवळ काय होते, याचा हिशेब केला तर छाती दडपून जाते. उत्तरेस शाहूंचे सातारा, ज्याच्याकडे सरदारांचा ओघ दिवसेंदिवस वाढत होता. पूर्वेस मोगलांचा दख्खनचा सुभा. दक्षिणेस सावनूरचा नवाब आणि कर्नाटकातील पाळेगार. पश्चिमेस घाटाखाली वाडीचे सावंत, गोव्याचे फिरंगी, आणि समुद्रावर इंग्रजांची मुंबई. खजिना रिता, आणि मनुष्यबळ असे की जो आज पन्हाळ्यावर शपथ घेई तो उद्या साताऱ्यास मुजरा करी. 1711 मध्ये शाहूंवर रुसून आलेला सेनापती चंद्रसेन जाधव प्रथम पन्हाळ्याकडे वळला खरा, पण पुढे तो निजामाच्या पदरी जाऊन राहिला. आणि ज्या कान्होजी आंग्रे यांच्या आरमारावर ताराबाईंच्या पक्षाची सारी भिस्त होती, त्यांना बाळाजी विश्वनाथाने 1714 च्या आरंभी बोलणी करून शाहूंच्या बाजूस वळवले. लहान राज्याची माणसे मोठ्या राज्याने फोडावी, हा क्रम तेव्हापासून कधी थांबला नाही.

त्याच 1714 मध्ये पन्हाळ्यावर राजवाड्यातच उलथापालथ झाली. राजाराम महाराजांची दुसरी राणी राजसबाई हिने ताराबाईंना व त्यांच्या पुत्रास नजरकैदेत टाकून आपला पुत्र संभाजी यास गादीवर बसवले, आणि या घडामोडीस हुकूमतपनाह रामचंद्रपंत अमात्यांचे पाठबळ लाभले. रामचंद्रपंत हे थोरल्या महाराजांच्या वेळेपासून राज्याचे चढउतार पाहिलेले गृहस्थ. गगनबावड्याची त्यांची जहागीर करवीरच्या छायेत पुढे दीर्घकाळ नांदली. त्यांच्याच नावाने ओळखले जाणारे, 1715 च्या सुमाराचे ‘आज्ञापत्र’ या तरुण राजासाठी सिद्ध झाले. आज्ञापत्रातील दुर्गप्रकरणाची वाखाणणी पुष्कळ होते. मला मात्र त्यातील टोपीकरांविषयीचा भाग सर्वांत विचार करावयास लावणारा वाटतो. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस हे लोक सावकारीच्या मिषाने येत असले तरी इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या मस्तकी त्यांचे राजे आहेत, मुलूख मिळवण्याची हाव त्यांच्या ठायी आहे, आणि आरमार, तोफ व दारूगोळा हे त्यांचे खरे बळ आहे, असे सांगून अमात्य बजावतात की, यांना वखारीस जागा द्यावयाचीच झाली तर समुद्राकाठी कदापि देऊ नये. किनाऱ्यापासून काही कोस आत, गजबजलेल्या वस्तीत, मोजून मापून द्यावी, आणि पक्क्या इमारती बांधू देऊ नयेत. प्लासीच्या लढाईस अद्याप चाळीस वर्षांहून अधिक अवकाश होता, आणि हिंदुस्थानातील बहुतेक दरबारांच्या लेखी इंग्रज म्हणजे नजराणा घेऊन अर्ज करणारा व्यापारी होता. अशा वेळी सह्याद्रीच्या एका कोपऱ्यातील लहानशा दौलतीच्या अमात्याने हे लिहून ठेवावे, यात त्याच्या दूरदृष्टीइतकाच त्या दौलतीच्या परिस्थितीचाही वाटा आहे. ज्याला कोणीही गिळू शकतो, त्याला गिळणाऱ्यांची पारख लवकर होते.

पारख होणे निराळे आणि त्याप्रमाणे वागता येणे निराळे. संभाजीराजांच्या कारकिर्दीतील पहिली मोठी चाल हीच साक्ष देते. बाळाजी विश्वनाथाने 1719 मध्ये दिल्लीहून स्वराज्याच्या, चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या त्या शाहूंच्या नावाने. याचा अर्थ असा की, दख्खनच्या सहा सुभ्यांतून वसूल होणाऱ्या पैशावर करवीरचा कागदोपत्री काहीच हक्क उरला नाही. निजामुल्मुल्काला ही चौथाई देणे जिवावर येत होते. त्याने 1727 मध्ये असा मुद्दा काढला की, मराठ्यांचे छत्रपती दोन असताना रक्कम नेमकी कोणास द्यावी हे ठरल्याखेरीज आपण वसूल देऊ शकत नाही. दोघांनी आपले दावे आपणापुढे मांडावेत. लहान राज्याचा हक्क मोठ्या राज्यांच्या भांडणात असा कायद्याचा आधार म्हणून वापरला जातो, आणि त्या वापरातून आपलाही काही लाभ साधेल या आशेने लहान राज्य त्यात उतरते. पेशवा बाजीराव कर्नाटकच्या मोहिमांत गुंतलेला पाहून संभाजीराजे निजामाच्या छावणीत दाखल झाले, आणि निजामाने पुण्यापर्यंत धडक मारून त्यांचा पक्ष पुढे केला.

पुढे काय झाले ते महाराष्ट्रातील शाळकरी मुलासही ठाऊक असते. बाजीरावाने पुण्याच्या रक्षणास धावून न जाता निजामाचाच मुलूख उद्ध्वस्त करण्याचा धाक घातला, जालना, बऱ्हाणपूर, गुजरात असा त्यास चकवा देत फिरवला, आणि अवजड तोफखाना मागे टाकून पाठलाग करणाऱ्या निजामास 1728 च्या फेब्रुवारीअखेर वैजापूरनजीक पालखेड येथे पाण्यावाचून कोंडले. मुंगी-शेवगावच्या तहात शाहूंचा हक्क निजामाने मान्य केला. मात्र एक कलम आपले इतिहासकार ओझरते सांगून पुढे जातात, आणि करवीरच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे होते. संभाजीराजांना आपल्या स्वाधीन करावे ही बाजीरावाची मागणी निजामाने नाकारली. त्यांना पन्हाळ्यास सुखरूप पोचवण्याचे ठरले. निजामाच्या या वागण्यास कोणी औदार्य म्हणावे, पण मला त्यात हिशेबच दिसतो. साताऱ्यास शह देणारे प्यादे पटावर राहणे हे हैदराबादेच्या हिताचे होते, आणि म्हणूनच पालखेडावर निजाम हरला तरी करवीर नष्ट झाले नाही. संभाजीराजांची ती चाल चुकीची होती, यात मला संशय नाही. ज्याला आपल्या नावाखेरीज आपल्याकडून काहीच नको आहे, अशा मित्राच्या छावणीत स्वतः जाऊन बसणे हे शहाणपणाचे नव्हे.

पराभवानंतरही धडा पुरता घेतला गेला नाही. उदाजी चव्हाणाच्या साहाय्याने वारणेच्या पलीकडे धामधूम चालूच राहिली, तेव्हा शाहूंनी श्रीपतराव प्रतिनिधीस पाठवले. 1730 मध्ये संभाजीराजांची छावणी मारली गेली, आणि ताराबाई व राजसबाई या दोघीही शाहूंच्या हाती पडल्या. शाहूंचे मोठेपण असे की, त्यांनी राजस्त्रियांना सन्मानाने वागवून परत पाठवण्याची सिद्धता दाखवली. आणि ताराबाईंचे धोरणीपण असे की, पन्हाळ्यावर सवतीच्या कैदेत परत जाण्याऐवजी त्यांनी साताऱ्यातच राहणे पत्करले. 1731 च्या फेब्रुवारीत कऱ्हाडजवळ जखिणवाडीच्या मैदानात दोघे चुलतभाऊ मोठ्या समारंभाने भेटले, आणि 13 एप्रिल 1731 रोजी वारणेचा तह झाला.

या तहनाम्याची कलमे वाचताना करवीरने काय गमावले हे चटकन डोळ्यांत भरते. वारणेच्या उत्तरेवरील दावा सुटला. मिरज, तासगाव, अथणी, विजापूर ही ठाणी साताऱ्याकडे गेली. रत्नागिरी देऊन त्याबदल्यात कोपळ घ्यावे लागले. वडगावचा कोट पाडण्याचे ठरले. एकमेकांच्या चाकरांस आश्रय द्यावयाचा नाही आणि एकाचा शत्रू तो दुसऱ्याचाही शत्रू, असे बंधन आले. तुंगभद्रेपासून रामेश्वरापर्यंत जे जिंकाल त्यात निम्मा वाटा, हे कलम बोलूनचालून कागदावरचे. कारण जिंकण्याचे बळ एकाकडेच होते. पण वारणा व कृष्णा यांच्या दक्षिणेचा मुलूख दुर्गांसह करवीरचा, हे साताऱ्याच्या छत्रपतींनी स्वहस्ते लिहून दिले, आणि वीस वर्षे ‘बंडखोर’ म्हणून वावरलेल्या राज्यास मर्यादांसह का होईना, मान्यता मिळाली. लहान राज्यास विस्तीर्ण पण वादग्रस्त मुलखापेक्षा तोकडी पण लेखी सीमा अधिक उपयोगाची असते. पुढील शंभर वर्षांत करवीरचा प्रत्येक कारभारी कोणाशीही भांडताना वारणेच्या तहाचा कागद पुढे करी, तो यासाठीच.

तहानंतर करवीरने जो डाव खेळला तो अधिक नाजूक होता. साताऱ्याच्या दरबारात छत्रपती आणि पेशवा हे एक नाहीत, हे ओळखून संभाजीराजांनी नव्या पेशव्याशी, नानासाहेबाशी, 1740 च्या सुमारास गुप्त बोलणी केली, जेणेकरून निपुत्रिक शाहूंच्या पश्चात दोन्ही गाद्या एक होऊन त्या आपल्याकडे याव्यात. शाहूंनी मात्र 1749 मध्ये देह ठेवण्यापूर्वी कोल्हापूरकरांना आणू नये असे लिहून ठेवले, आणि ताराबाईंनी पुढे आणलेला रामराजा साताऱ्यास बसला. डाव फसला. परंतु फसण्यातही करवीरची एक प्रकारे सुटका होती. कारण साताऱ्याची गादी त्यानंतर पेशव्यांच्या हातात जशी नामधारी झाली, तशी करवीरची झाली नाही.

खरी कसोटी 1760 च्या डिसेंबरात आली. संभाजीराजे निपुत्रिक वारले, आणि वारस नसलेले हे राज्य साताऱ्यात विलीन करून टाकावे हा पेशव्यांचा जुना मनसुबा तत्काळ जागा झाला. राणी जिजाबाईंनी एक सवत गरोदर असल्याचे जाहीर करून पहिला वार चुकवला. ही युक्ती किती दिवस चालणार, असे कोणासही वाटावे. पण मुत्सद्देगिरीत कधी कधी चार महिने मिळवणे म्हणजेच सारे काही मिळवणे असते. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर मराठ्यांची फळी कोसळली, जूनमध्ये नानासाहेब खचून मृत्यू पावला, आणि त्याच्या जागी आलेला सोळा वर्षांचा माधवराव एकीकडे निजाम व दुसरीकडे आपलाच चुलता राघोबा यांच्या कैचीत सापडला. अशा वेळी दक्षिणेच्या वाटेवर करवीरसारखे आणखी एक वैर त्यास नको होते. सप्टेंबर 1762 मध्ये खानवटकर भोसल्यांच्या घराण्यातील मुलास दत्तक घेऊन शिवाजी या नावाने गादीवर बसवण्यास पुण्याची संमती मिळाली, आणि पुढे 1773 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, जिजाबाईंनी करडेपणाने राज्य चालवले.

त्यांच्याच कारभारात आज्ञापत्रातील इशारा अंगावर आला. करवीरचे आरमार मालवणास, थोरल्या महाराजांनी बांधलेल्या सिंधुदुर्गाच्या आसऱ्याने राहत असे, आणि दस्तकावाचून फिरणारी जहाजे पकडणे हा आपला हक्क आहे असे ते मानी. मुंबईकर इंग्रजांच्या लेखी ती शुद्ध चाचेगिरी होती. समुद्रावर कोणाचा हुकूम चालावा एवढाच वाद होता, आणि तो तोफांनीच मिटावयाचा होता. 1765 मध्ये इंग्रजी आरमाराने सिंधुदुर्ग घेतला, त्याचे ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नामकरणही करून टाकले. पण तो सांभाळण्याचा खर्च डोईजड झाल्याने 1766 च्या आरंभी नुकसानभरपाई व व्यापाराच्या सवलती कबूल करून घेऊन तो परत केला. वखार आली, पण किल्ला वाचला. जवळजवळ याच काळात हिमालयाच्या पायथ्याशी नेपाळचा पृथ्वीनारायण शहा आपल्या नव्या राज्यास दोन शिळांमध्ये सापडलेल्या कंदाची उपमा देऊन चीन व इंग्रज यांच्याशी सावधपणे वागण्याचा उपदेश आपल्या वंशजांस करीत होता. तो आणि रामचंद्रपंत यांना एकमेकांचे नावही ठाऊक असणे शक्य नव्हते. पण दोघांनी पाहिलेले संकट एकाच जातीचे होते.

करवीरच्या शिळा दोनच नव्हत्या, आणि हेच त्याचे भाग्य होते. जिजाबाईंच्या मागे राघोबादादांच्या बंडाळीत करवीरने पुण्याच्या कारभाऱ्यांविरुद्ध पक्ष धरला, हैदर अलीशी संधान बांधले, आणि 1778 मध्ये महादजी शिंद्यांची फौज कोल्हापुरावर चालून आली तेव्हा दंडाची रक्कम कबूल करून वेळ मारून नेली. मिरज-तासगावकर पटवर्धनांशी तर कृष्णाकाठी वर्षानुवर्षे कटकटी चालत, चिकोडी-मनोळीचे तालुके या हातातून त्या हातात जात, आणि प्रत्येक खेपेस धान्य, वैरण व बैल रयतेचेच जात. ही बाजू विसरून दरबारी चातुर्याचे कौतुक करणे बरे नव्हे. तरीही राज्य बुडाले नाही. कारण पुणे, हैदराबाद आणि श्रीरंगपट्टण यांपैकी कोणत्याही दोघांचे करवीर वाटून घेण्याविषयी कधी एकमत झाले नाही. असे एकमत झाले तर काय होते, ते त्याच शतकात युरोपात दिसले. रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया या तीन हाडवैऱ्यांनी 1772, 1793 आणि 1795 अशा तीन खेपांत पोलंड हे करवीरच्या कितीतरी पट मोठे राज्य नकाशावरून पुसून टाकले. दैवाचा खेळ असा की, 1918 मध्ये पुन्हा जन्मलेले ते राष्ट्र 1939 मध्ये पुन्हा दोन शेजाऱ्यांनी वाटून घेतल्यावर त्यातील निर्वासितांपैकी सुमारे पाच हजार लोक 1943 ते 1948 या काळात गडमुडशिंगीच्या जवळच, वळिवड्याच्या छावणीत येऊन राहिले.

करवीरच्या दैवाची परमावधी 1799-1800 मध्ये झाली. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर पुण्यात जो गोंधळ माजला त्यात नाना फडणिसांनीच परशुरामभाऊ पटवर्धनांना शह देण्यासाठी कोल्हापूरकरांना चिथावले. करवीरच्या फौजेने तासगावचा वाडा जाळला. पुढे नाना आणि परशुरामभाऊ यांचे सूत पुन्हा जमले, आणि ज्या नानांनी करवीरला उठवले होते त्यांनीच परशुरामभाऊंना करवीरवर सोडले. 17 सप्टेंबर 1799 रोजी पट्टणकुडीच्या लढाईत हा वृद्ध सेनानी करवीरच्या सैन्याकडून मारला गेला. त्याचा सूड घेण्यासाठी त्याचा पुत्र रामचंद्र शिंद्यांच्या कवायती पलटणी बरोबर घेऊन आला आणि कोल्हापूरला वेढा पडला. शहराच्या तटावर तोफा डागल्या जात असता 13 मार्च 1800 रोजी पुण्यात नाना फडणीस मृत्यू पावले, दौलतराव शिंदे आणि पटवर्धन यांचे बिनसले, आणि वेढा उठला. शहर शौर्याने लढले हे खरेच. पण त्यास वाचवले ते शत्रूपक्षातील फुटीने.

याच्या आगेमागच्या वर्षांत जे घडले ते कोल्हापुरात घडले नाही, आणि तरीही करवीरचे भवितव्य त्यानेच ठरवले. टिपू 1799 च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टणास पडला होता; निजामाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली; 1802 च्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीराव पेशव्याने वसईच्या तहावर सही केली; 1803 मध्ये असई आणि अडगावच्या रणांगणांवर शिंदे व भोसले हरले. ज्या अनेक वजनांच्या आधारे करवीर आपला काटा तोलून धरीत आले होते, ती एकामागून एक उचलली गेली, आणि पारड्यात एकच वजन राहिले. इकडे निपाणीचा सिधोजीराव निंबाळकर चिकोडी-मनोळी बळकावून कोल्हापूरवर दाब वाढवीत होता, आणि त्याच्यामागे बाजीरावाचा हात होता. मदत मागावयाची तर ती आता एकाच दारी मागता येत होती.

1 ऑक्टोबर 1812 रोजी, पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याच्या मध्यस्थीने, तो तह झाला. चिकोडी-मनोळीवरील दावा सोडावा. मालवणचे बंदर आणि सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट, सर्जेकोट हे किल्ले कंपनी सरकारच्या हवाली करावेत. लढाऊ जहाजे ठेवू नयेत. दुसऱ्या कोणाशी तंटा पडल्यास तो कंपनीच्या निवाड्यास सोपवावा, परभारे युद्ध करू नये. याच्या मोबदल्यात राहिलेल्या मुलखाचे रक्षण इंग्रज करतील. आज्ञापत्रास शंभर वर्षेही पुरती झाली नव्हती. समुद्राकाठची जागा टोपीकरांना देऊ नका असे ज्या दौलतीच्या अमात्याने लिहिले, त्याच दौलतीने शिवाजी महाराजांचा जलदुर्ग कागदावर सही करून दिला. यावरून जिजाबाईंनी दत्तक घेतलेल्या शिवाजीराजांना व त्यांच्या कारभाऱ्यांना दोष देणारे पुष्कळ आहेत. मी त्यांत नाही. तह न करावा तर राज्य पेशव्याच्या व निपाणीकराच्या घशात जात होते, आणि केला तर समुद्र, युद्धाचा हक्क व मित्र निवडण्याची मुभा ही तिन्ही जात होती. ज्या दिवशी वसईस पेशव्याची सही झाली, त्या दिवशीच करवीरची निवड संपली होती.

पुढील हकिकत थोडक्यात सांगता येते, कारण तीत परराष्ट्रकारण असे काही उरत नाही. 1817 मध्ये आबासाहेब महाराजांनी पेशव्याविरुद्ध इंग्रजांची बाजू घेतली आणि बक्षीस म्हणून चिकोडी-मनोळी मिळवली. 1821 च्या जुलैत राजवाड्यातच त्यांचा खून झाला. त्यांचे बंधू बावासाहेब हे जुन्या वळणाचे, फौज बाळगून शेजाऱ्यांवर स्वाऱ्या करणारे राजे. काळ पालटला आहे हे त्यांना मान्यच नव्हते. 1826 आणि 1827 मध्ये इंग्रजी फौजा कोल्हापुरावर आल्या. सैन्य 400 स्वार व 800 पायदळ एवढ्यावर आणले गेले, बक्षिसाचे तालुके परत घेतले गेले, पन्हाळ्यावर इंग्रजांचा पहारा बसला, आणि 1829 च्या मार्चमध्ये या सर्वांवर कायमचे शिक्कामोर्तब झाले. 1844 मध्ये सामानगड, भुदरगड व पन्हाळ्याच्या गडकऱ्यांनी उठाव केला, कर्नल ओव्हान्स या बड्या अधिकाऱ्यास पकडून पन्हाळ्यावर कैदेत ठेवले. 1 डिसेंबर रोजी पन्हाळा तोफांनी घेतला गेला. 1857 च्या जुलैअखेर कोल्हापुरातील 27 व्या पलटणीने बंड केले, आणि तेव्हाच्या महाराजांचे बंधू चिमासाहेब यांची रवानगी कराचीस झाली.

एवढे सारे गमावून करवीरने मिळवले काय, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर साताऱ्याशी तुलना केली म्हणजे मिळते. 1848 मध्ये साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज निपुत्रिक वारले आणि त्यांचा दत्तक नामंजूर करून ती गादी खालसा झाली. इंग्रजांचा युक्तिवाद असा की, ते राज्य त्यांनीच 1819 मध्ये निर्माण करून दिलेले होते. करवीर कोणी निर्माण करून दिलेले नव्हते. त्याच्या दप्तरात 1731 चा वारणेचा तह होता, आणि त्यानंतर जे जे करारमदार झाले ते सारे आधीच उभ्या असलेल्या राज्याशी झालेले होते. पुढे करवीरचे राजाराम महाराज 1870 मध्ये फ्लॉरेन्स येथे वारले तेव्हा दत्तक मान्य झाला, आणि 1884 मध्ये कागलकर घाटग्यांच्या घरातून दत्तक आलेल्या शाहू महाराजांचाही झाला. 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत, म्हणजे पेशवाईनंतर एकशे तीस वर्षे आणि साताऱ्यानंतर शंभर वर्षे, ही गादी चालू राहिली. या राज्याच्या परराष्ट्रकारणात पहिला मान आपण सहसा ताराबाईंना देतो. माझ्या मते तो जिजाबाईंचा आहे. राज्य स्थापणाऱ्यांनी ते दोनदा पणास लावले, आणि 1760 ते 1762 या दोन वर्षांत ते हातचे जाऊ दिले नाही ते त्यांनी.